गोमेकॉतला डिसेंबर

डिसेंबरात पणजीत भेटायचं ठरलं की आमचा घोळका अजून म्हणतो, "गोमेकॉकडे ये." खरं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळीला जाऊन तीसेक वर्षं झाली. आमच्यातली एक पहिल्या वर्षी रिक्षावाल्याला नुसतं ‘गोमेकॉ’ म्हणाली आणि चित्रं बघायला म्हणून नटूनथटून थेट कॅज्युअल्टीच्या दारात उतरली. तेव्हापासून ‘जुनं’ म्हणायला कुणी विसरत नाही. निदान ती तरी नाही.

पोर्तुगीजांनी १८४२ साली पणजीत सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचं हे आवार. इथे शिकलेले गोवेकर डॉक्टर मोझांबिक, अंगोलापर्यंत गेले. मुक्तीनंतर १९६३ साली शाळेचं मेडिकल कॉलेज झालं. कॉलेज हललं, २००४ साली इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, आणि आवारात पेशंटच्या नातेवाइकांऐवजी गळ्यात कार्ड अडकवलेले लोक रांगा लावू लागले. आमची ओळख त्याच रांगेतली. सिनेमे निम्मे विसरले, पण रांगेत कुणी कुणासाठी जागा धरली ते सगळं लक्षात आहे. २०१६ पासून डिसेंबरात इथेही सेरेंडिपिटी कला महोत्सव सुरू झाला, तोही फुकट. मग काय, सतरंजी एकीची, थर्मास दुसऱ्याचा, आणि परतताना गाड्यावरचं रस-ऑम्लेट.

एका वर्षी बाबांना नेलं. १९७९ साली पाय मोडून ते इथेच महिनाभर पडून होते. आत शिरल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कशाकडेही पाहिलं नाही. खिडक्या मोजत गेले. "ही चौथी. इथून खनिजाच्या बार्ज दिसायच्या."

एक स्वयंसेवक मुलगी त्यांना समोरच्या मांडणीचा अर्थ सांगायला आली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिलाच सांगू लागले: खाट कशी होती, पायाला दोरी बांधून पलीकडे विटा कशा लटकवल्या होत्या, रात्री वीट हलली की कशी कळ यायची. हातवारे करून, खाली वाकून. बघता बघता पाच-सहा जण गोळा झाले. दोघांनी मोबाइल काढले. मी थोडं लांब सरकून उभी राहिले, ओळख नसल्यासारखी.

बाबा थांबले तेव्हा एका तरुणाने अदबीने विचारलं, "काका, हा प्रयोग रोज किती वाजता असतो?"

"डॉक्टरांचा राउंड झाला की," बाबा म्हणाले.