हर्सलीची मेरी

विहीणबाईंच्या दिवाणखान्यात एक भला मोठा वंशवृक्ष टांगलेला असायचा. त्यांच्या वडिलांनी शाईने काढलेला. मुळाशी स्टीफन हॉपकिन्स, १६२० साली इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्या लोकांच्या 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेत आलेला. बायकोच्या जागी 'कॉन्स्टन्स डडली' आणि मूळ गाव इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधलं वॉटन-अंडर-एज. ही बाई आणि हे गाव, दोन्ही चुकीची निघाली.

मी नाशिक जिल्ह्यात आधी तलाठी आणि मग मंडळ अधिकारी म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्याचे चार महिने मॅसॅच्युसेट्सला लेकीकडे असते. विहीणबाईंना मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेत नाव नोंदवायचं होतं. तिथे भिंतीवरचा कागद चालत नाही. प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू, आणि हा याचाच मुलगा याचा पुरावा लागतो. त्यांनी फाइल माझ्यापुढे ठेवली तेव्हा वाटलं, हे तर वारस नोंदीचं प्रकरण! आईचं नाव कुठे आहे, हे मी आधी बघितलं. सवयच ती.

हॉपकिन्सची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. मेफ्लॉवरच्या अकरा वर्षं आधी, १६०९ मध्ये, हा माणूस 'सी व्हेंचर' जहाजातून व्हर्जिनियाला निघाला. जहाज वादळात सापडून बर्म्युडाच्या खडकांवर फुटलं. दीडशेच्या आसपास माणसं त्या बेटावर अडकली. आता इथे गव्हर्नरचा हुकूम चालणार नाही, असं हॉपकिन्स उघड बोलू लागला. बंडाचा आरोप आला, मृत्युदंड सुनावला गेला. त्याने इतकी गयावया केली की शेवटी माफी मिळाली. त्याच जहाजावरच्या विल्यम स्ट्रेचीने हे लिहून ठेवलंय, आणि त्यात एक वाक्य असं की माझ्या बायकोमुलांचा सत्यानाश होईल, असं तो विनवत होता.

हे ऐकल्यावर मी विचारलं, "ही बायको कोण?"

विहीणबाईंनी भिंतीकडे बोट केलं. मग फाइलमधून १९९८ सालच्या एका लेखाची प्रत काढली आणि म्हणाल्या, "बाबांना हे कळायच्या आत ते गेले. मला तो कागद उतरवायचा धीर होत नाही."

तो लेख मेफ्लॉवरच्या माणसांचा शोध घेणाऱ्या केलेब जॉन्सन यांचा. हॉपकिन्सच्या दोन मोठ्या मुलांची नावं, कॉन्स्टन्स आणि जाइल्स, एकाच घरात कुठे सापडतात, हा धागा. इंग्लंडमधल्याच हॅम्पशायरच्या हर्सली गावच्या चर्चच्या नोंदवहीत ती सापडली. एलिझाबेथ, बाप्तिस्मा १३ मार्च १६०३/४. कॉन्स्टन्स, ११ मे १६०६. जाइल्स, ३० जानेवारी १६०७/८. त्या जोडवर्षांनी विहीणबाई गोंधळायच्या. तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी जुन्या सालातच धरायचे. आपल्याकडे फाल्गुन संपेपर्यंत जुना शक चालतो, तसंच. हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच वहीत ९ मे १६१३ ला मेरी हॉपकिन्सचं दफन आहे. तिच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंच्या कागदपत्रांत तीन मुलांची नावं येतात. मोठी नऊ वर्षांची, धाकटा पाच. बर्म्युडात ज्या बायकोच्या नावाने जीव वाचला, ती ही. स्ट्रेचीने तिचं नाव लिहिलं नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं तिच्या जागी दुसरीच बाई बसवली गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरीत असताना बहिणींची हक्कसोडपत्रं किती पाहिली! सही करून त्या एसटीला निघून जात आणि पुढच्या फेरफारात त्यांचं नाव उरत नसे.

फेब्रुवारी १६१८ मध्ये हॉपकिन्सने लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये एलिझाबेथ फिशरशी दुसरं लग्न केलं. १६२० मध्ये ती गरोदर असतानाच सगळे जहाजावर चढले. मूल समुद्रातच झालं, त्याचं नाव ओशनस. मेरीच्या मुलांपैकी जहाजावर होती ती कॉन्स्टन्स आणि जाइल्स, दोघंच.

एक गोष्ट विहीणबाईंना आवडत नाही, तरी लिहिते. ही माणसं उतरली ती मोकळ्या जमिनीवर नाही. त्यांनी वसवलेलं प्लिमथ म्हणजे तिथल्या मूळच्या वांपानोआग लोकांचं पॅटक्सेट गाव, साथीने ओस पडलेलं. केप कॉड या जवळच्या द्वीपकल्पावर पहिल्याच फेरीत या मंडळींनी तिथल्या लोकांनी पुरून ठेवलेला मका उकरून नेला. त्या टोळीत हॉपकिन्स होता. झाडाखालचा फास हरणासाठी आहे, हे त्यानेच ओळखलं. विहीणबाई गप्प बसल्या, पण फाइलमध्ये त्याचं एक पान त्यांनी लावलं.

आमची अडचण मात्र सतराव्या शतकात नव्हतीच. पहिल्या पाच पिढ्या छापील ग्रंथांत तपासून ठेवल्या आहेत. घोडं अडलं १८०० च्या सुमारास, कुटुंब केप कॉड सोडून उत्तरेकडच्या मेन राज्यात गेलं तिथे. एका सुनेचं माहेरच सापडेना. मी म्हटलं, जन्मनोंद सोडा, बापाच्या जमिनीचे कागद काढा. तीन आठवड्यांनी एका मृत्युपत्रात ओळ सापडली: अमक्याची बायको असलेल्या माझ्या मुलीला एक गाय. विहीणबाईंनी मला मिठीच मारली.

हॉपकिन्सचंही १६४४ चं मृत्युपत्र आहे. जाइल्सला मोठा बैल, कॉन्स्टन्सला घोडी. कॉन्स्टन्स तेव्हा निकोलस स्नोची बायको. पुढे तिला बारा मुलं झाली, बाराही जगली, असं प्लिमथचा गव्हर्नर ब्रॅडफर्डने नोंदवलंय. आमचे जावई त्यातल्याच एकाच्या वंशातले.

ऑक्टोबरात आम्ही दोघी केप कॉडवरच्या ईस्टहॅमच्या जुन्या दफनभूमीत गेलो. कॉन्स्टन्स आणि जाइल्सच्या नावाच्या पाट्या तिथे आहेत. वारा बोचरा होता, विहीणबाईंनी त्यांचा मफलर मला दिला.

परत आल्यावर त्यांनी वडिलांचा कागद उतरवून नीट गुंडाळला आणि नवा काढायला घेतला. मेरी, हर्सली, १६१३. खाली कॉन्स्टन्स आणि जाइल्स. पेन खाली ठेवणार एवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"एलिझाबेथ राहिली."

"तिचं पुढे काय झालं ते कळत नाही," त्या म्हणाल्या.

"तरी लिहा. थोरली आहे ती."

त्यांनी डावीकडे जागा केली आणि लिहिलं: एलिझाबेथ, १३ मार्च १६०३/४.