लेमानेह: अर्धी गढी, अर्धा बंगला

आयर्लंडमध्ये पडके किल्ले म्हणजे काय, कुठेही गाडी थांबवा एक दिसेलच, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्यानंतर फोटो काढायचाही कंटाळा येतो. पण क्लेअर काउंटीतला लेमानेह बघितला आणि खरंच थबकले. बरेनचा तो सगळा राखाडी चुनखडीचा भाग सुरू होतो ना, त्याच्या अगदी कडेला, कोरोफिनहून किलफेनोराला जाणाऱ्या रस्त्यावर आहे.

समोर उभं राहिलं की उजव्या हाताला उंच, अरुंद बुरूज. हे त्यांचं टॉवर हाऊस, पंधराव्या शतकाच्या शेवटी ओब्रायन घराण्यातल्या टर्लो डॉनने बांधलेलं. खिडक्या म्हणजे नुसत्या फटी, आतून बाण मारता येईल पण बाहेरून कुणाला काही करता येणार नाही अशा. आणि त्यालाच चिकटून डावीकडे चार मजली घर, त्याला ओळीने मोठमोठ्या खिडक्या, दगडाच्याच उभ्या-आडव्या पट्ट्यांनी चौकोन पाडलेल्या. छप्पर गेलंय, मजले गेलेत, त्यामुळे प्रत्येक चौकोनातून मागचं आभाळ दिसतं. दोन्ही भिंती जिथे जुळतात तिथे नीट बघा, दीडशे वर्षांत लोकांची राहण्याची कल्पना किती बदलली ते तिथेच कळतं. आधी जीव वाचवायचा होता, मग उजेड हवा झाला.

गंमत अशी की हे उजेडाचं घर बांधलं 1640च्या दशकात, म्हणजे 1641चा, इंग्रज राजवटीविरुद्धचा आयरिश कॅथलिकांचा उठाव होऊन सगळीकडे लढाया चालू असताना! कॉनर ओब्रायन आणि त्याची बायको मॉयरा मॅकमहन यांचं हे काम. केस लाल म्हणून लोक तिला मॉयरा रुआ म्हणायचे. पहिला नवरा वारला, त्याच्याकडून पैसा आला आणि 1639मध्ये तिने कॉनरशी लग्न केलं. फाटकाच्या कमानीवर 1643 साल कोरलंय आणि दोघांचीही नावं आहेत, बायकोचंही, हे मला फार आवडलं.

1651मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याशी लढताना कॉनर गेला. दंतकथा अशी की त्याला जखमी अवस्थेत आणलं तेव्हा मॉयरा वरून ओरडली, आम्हाला मेलेली माणसं नकोत! मग जिवंत आहे कळल्यावर मात्र शेवटपर्यंत त्याची सेवा केली. खरं-खोटं देव जाणे. नक्की माहितीये ते एवढंच की पुढे तिने शत्रूच्याच सैन्यातल्या जॉन कूपर नावाच्या अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि मुलाची, डोनोची, जहागीर हातची जाऊ दिली नाही. आजूबाजूच्या कितीतरी आयरिश घराण्यांच्या जमिनी तेव्हा जप्त झाल्या, हे लक्षात घेतलं तर बाई किती हिशेबी होती ते कळतं. तिच्यावर खुनाचा आरोपही झाला आणि 1664मध्ये राजाकडून माफी मिळाली. बाकी पंचवीस नवरे केले, मोलकरणींना केसांनी टांगलं वगैरे गोष्टी लोक रंगवून सांगतात, त्या मी तरी सोडून देते. जमीन सांभाळणाऱ्या बाईबद्दल गावात असंच बोललं जातं.

एवढं करून वाचवलेल्या घरात पोरगा काही राहिला नाही. तो 1686मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरागत किताब) झाला, बिऱ्हाड क्लेअरमधल्याच ड्रोमोलँडला हलवलं आणि लेमानेह हळूहळू ओस पडलं. नंतर नक्षीचं फाटक उचलून ड्रोमोलँडला नेलं, घरातली एक फायरप्लेस एनिस गावातल्या हॉटेलात गेली. ड्रोमोलँडही आता महागडं हॉटेलच आहे, म्हणजे ज्या फाटकावर तिचं नाव आहे ते बघायला तिकडे जायचं आणि घर बघायला इकडे यायचं, कुठलीही वस्तू तिच्या जागी नाही, याचा मला जाम राग आला.

एक सांगून ठेवते, जागा खाजगी आहे, आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच बघावं लागतं आणि तिथेच दोन रस्ते मिळतात त्यामुळे गाडी जरा बघून लावा. आत शिरून जिने चढायची हौस असेल तर जवळच्याच डायझर्ट ओडीला जा, तिथलं टॉवर हाऊस दुरुस्त करून म्युझियम केलंय, उन्हाळ्यात उघडं असतं.