आरोपाच्या नावाखाली काय लिहिले आहे?

एखाद्या सरकारने आपल्याच देशातील पत्रकारावर खटला भरल्याची बातमी आली की, ‘पत्रकार काय कायद्यापेक्षा मोठे लागून गेले का?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पत्रकाराने खंडणी उकळली किंवा कर बुडवला, तर खटला व्हायलाच हवा. माझा आग्रह एवढाच की, आरोपाचे नाव ऐकून मत बनवण्याआधी त्या नावाखाली काय लिहिले आहे ते वाचावे. कारण ‘आमच्याविरुद्ध लिहिले म्हणून तुरुंगात टाकतो’ असे उघडपणे म्हणणारी सरकारे फार थोडी उरली आहेत.

फिलिपिन्समधील ‘रॅपलर’ या वृत्तसंकेतस्थळाच्या संपादक मारिया रेसा यांना जून २०२० मध्ये सायबर बदनामीबद्दल सहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली. एका उद्योजकाच्या तक्रारीवरून चाललेल्या या खटल्यातील लेख मे २०१२ चा होता, तो रेसा यांनी लिहिलेलाही नव्हता, आणि ज्या कायद्याखाली शिक्षा झाली तो कायदा त्यानंतर काही महिन्यांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, संमत झाला होता. मग गुन्हा घडला कधी? २०१४ मध्ये लेखातील एका शब्दाची स्पेलिंगची चूक दुरुस्त करण्यात आली, आणि ते पुनर्प्रकाशन ठरले. करचुकवेगिरीच्या ज्या वेगळ्या खटल्यांत त्या अडकल्या होत्या, त्यांतून २०२३ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली. मात्र २०२१ चे नोबेल शांतता पारितोषिक स्वीकारण्यासाठी ऑस्लोला जायलाही त्यांना न्यायालयाची परवानगी मागावी लागली होती. निकाल काहीही लागो, तोपर्यंतची वर्षे तारखांमध्ये आणि वकिलांच्या फीमध्ये जातात.

ग्वाटेमालात ‘एल पेरिओदिको’चे संस्थापक होसे रुबेन सामोरा यांना जुलै २०२२ मध्ये काळा पैसा पांढरा केल्याच्या आरोपाखाली अटक झाली, आणि वर्षभराच्या आतच ते वृत्तपत्र बंद पडले. त्यांच्या काही वकिलांवरही खटले भरण्यात आले. बचाव करणाऱ्यालाच आरोपी केल्यावर दुसरा वकील पुढे येताना दहा वेळा विचार करतो.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा खटला म्यानमारमधला आहे. रॉयटर्सचे वा लोन आणि च्यॉ सो ऊ हे दोन पत्रकार इन दिन या गावातील दहा रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा शोध घेत होते. १२ डिसेंबर २०१७ रोजी पोलिसांनी त्यांना एका उपाहारगृहात बोलावून हातात कागद दिले आणि ते बाहेर पडताच, तेच कागद बाळगल्याबद्दल त्यांना पकडले. कायदा लावला तो शासकीय गुपितांचा, १९२३ चा. ब्रह्मदेश हिंदुस्थानचा प्रांत असताना ब्रिटिशांनी केलेला. राज्यकर्ते गेले, पण त्यांचे हत्यार नव्या राज्यकर्त्यांना सोयीचे वाटले. पोलीस कॅप्टन मो यान नाईंग यांनी न्यायालयात शपथेवर सांगितले की, हा सापळा रचण्याचा आदेश वरिष्ठांनी दिला होता. त्यांनाच शिस्तभंगाबद्दल एका वर्षाचा तुरुंगवास झाला आणि त्यांच्या कुटुंबाला पोलीस वसाहतीतील घर सोडावे लागले. दोन्ही पत्रकारांना सात-सात वर्षांची शिक्षा झाली. हत्येबद्दल दोषी ठरलेले सात सैनिक नोव्हेंबर २०१८ मध्ये सुटले, तेव्हा ती हत्या उजेडात आणणारे दोघे अजून तुरुंगातच होते.

अशा वेळी काय उपयोगी पडते, तेही याच प्रकरणात दिसते. दोघे कोठडीत असताना, फेब्रुवारी २०१८ मध्ये, रॉयटर्सने ती बातमी त्यांच्या नावांसह छापली. म्हणजे अटकेचा मूळ हेतूच फसला. सुनावणीला परदेशी वकिलातींचे प्रतिनिधी हजर राहत होते, त्यामुळे कॅप्टनची साक्ष जगापर्यंत पोहोचली. निषेधाच्या पत्रकांपेक्षा वकिलांचा खर्च, न्यायालयातील निरीक्षक आणि अर्धवट राहिलेली बातमी पुरी करणारे सहकारी यांवर माझा अधिक विश्वास आहे. कायद्यातील बदलही हवेतच. बदनामीसाठी तुरुंगवास ही कधीच योग्य शिक्षा नव्हे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०११ मध्येच नमूद केले आहे, आणि तरीही अनेक देशांत ती तरतूद कायम आहे.

वा लोन आणि च्यॉ सो ऊ ७ मे २०१९ रोजी, ५११ दिवसांनी बाहेर आले. ते राष्ट्राध्यक्षांच्या माफीने. त्यांचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी दोनच आठवडे फेटाळले होते, त्यामुळे कागदोपत्री ते दोषीच राहिले.