पार्किंगमधला धूर: हवा कुठून येते, कुठं जाते, आणि जिन्याचं दार बंद का हवं

छत असलेल्या पार्किंगमध्ये आग लागली की बहुतेकांचं लक्ष ज्वाळांकडे जातं. माणसं मात्र धुरानं मरतात, आणि तीही बऱ्याचदा पार्किंगमध्ये नाही, वरच्या मजल्यांवर. 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या एका पाच मजली इमारतीत आग लागली ती खाली पार्किंगमध्ये, दुचाकी आणि साठवलेल्या चिंध्यांना. किमान सात जण गेले, चाळीसहून जास्त जखमी झाले. सिकंदराबादला 12 सप्टेंबर 2022 च्या रात्री खाली विजेच्या दुचाकींचं शोरूम आणि वर लॉज अशी इमारत होती. तिथं आठ जण गेले. धूर जिन्यातून वर चढला होता.

संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी इथल्या बहुतेक इमारती अशाच आहेत: खाली स्टिल्ट (खांबांवर उभ्या इमारतीखालचं उघडं पार्किंग) किंवा बेसमेंट, मधोमध एक जिना, जिन्याखाली मीटर बोर्ड. म्हणून कुठलाही पंखा किंवा पंप विकत घेण्याआधी एक गोष्ट ठरवा. धुराला बाहेर जायची वाट उघडी हवी, ताज्या हवेला आत यायची वाट उघडी हवी, आणि जिन्याकडे जाणारी वाट बंद हवी. या तिन्हींपैकी एक जरी उलटी झाली तरी बाकीचा खर्च फुकट जातो.

सुरुवात जिन्यापासून करा, कारण ते सगळ्यात स्वस्त आहे. स्टिल्टमधून जिना सरळ वर जात असेल आणि मध्ये दार नसेल, तर तो जिना म्हणजे धुराड्यासारखाच आहे. तिथं आपोआप बंद होणारं अग्निरोधक दार हवं. दाराला क्लोजर (दार आपोआप ओढून घेणारी स्प्रिंग) हवा, आणि खाली वीट किंवा पाचर ठोकून ते उघडं ठेवलेलं नको. मीटर बोर्ड जिन्याखाली असेल तर तो हलवण्याचा अर्ज महावितरणकडे करा. हलवणं जमत नसेल तर निदान बोर्डासमोरची एक मीटर जागा रंगवून घ्या आणि तिथं एकही स्कूटर लागू देऊ नका. सैल जोडणीतून मीटरमध्ये ठिणगी उडाली की समोरच्या दुचाकीचं प्लास्टिक पेटायला मिनिटंही लागत नाहीत. त्या बोर्डातून वर जाणाऱ्या केबल डक्टचं प्रत्येक स्लॅबचं भोक अग्निरोधक मॉर्टरनं किंवा सीलंटनं बुजवलेलं असावं. फोम मारून बुजवलेलं चालत नाही, साधा पीयू फोम स्वतःच जळतो. नवी इंटरनेटची वायर ओढली की भोक पुन्हा उघडतं, त्यामुळं हे काम एकदा करून संपत नाही.

स्टिल्टचा खरा फायदा म्हणजे मोकळ्या बाजू. पण चोरीच्या भीतीनं किंवा पावसाची झड येते म्हणून त्या पत्र्यानं, हिरव्या जाळीनं, कधी सरळ विटांनी बंद केल्या जातात. मग ते उघडं पार्किंग राहत नाही आणि आराखडा मंजूर करताना धरलेला धुराचा सगळा हिशोब मोडतो. चोरीची भीती असेल तर लोखंडी ग्रिल लावा. त्यातून हवा जाते.

बेसमेंटचं गणित वेगळं आहे. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये बेसमेंटच्या नैसर्गिक वायुवीजनासाठी उघड्या जागा फरशीच्या क्षेत्रफळाच्या किमान अडीच टक्के आणि परिघावर विखुरलेल्या मागितल्या आहेत. यांत्रिक वायुवीजन असेल तर रोजच्या वापरात तासाला सहा वेळा आणि आगीत बारा वेळा हवा बदलली पाहिजे, आणि पंखे 250 अंश सेल्सियसला 120 मिनिटं टिकणारे हवेत. 40 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3.2 मीटर उंच बेसमेंट घ्या, म्हणजे सुमारे 13 हजार चौरस फूट. घनफळ झालं 3,840 घनमीटर. बारा वेळा म्हणजे तासाला 46,080 घनमीटर, सेकंदाला 12.8. सेकंदाला 6.4 घनमीटरचे दोन पंखे बसवले तर रोज एक, आगीत दोन, असं सरळ जमतं.

आता खरा प्रश्न. ही 12.8 घनमीटर हवा आत कुठून येणार? रॅम्प 6 मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच असेल तर 14.4 चौरस मीटरमधून ती सेकंदाला एक मीटरपेक्षाही कमी वेगानं आरामात येते. पण रात्री अकराला वॉचमन रॅम्पचं पत्र्याचं रोलिंग शटर खाली ओढतो. मग उरतात दोन खिडक्या, दोन्ही मिळून दीड चौरस मीटरच्या. त्यातून तेवढी हवा यायला सेकंदाला साडेआठ मीटर वेग लागेल. पंखा तेवढं ओढत नाही, नुसता गुरगुरतो. शिवाय बेसमेंटमध्ये दाब कमी होतो आणि जिन्याकडे उघडणारं दार बाहेरच्या दाबानं चिकटून बसतं. दोन चौरस मीटरच्या दारावर 50 पास्कलचा फरक म्हणजे 100 न्यूटन. बिजागरीमुळं मुठीशी त्याच्या निम्मं जाणवतं आणि त्यात क्लोजरचा जोर मिळवा. म्हातारी माणसं, लहान मुलं ते दार ढकलू शकत नाहीत. उपाय साधा आहे: रॅम्पला जाळीचं शटर.

दुसरी वाट बुजते ती कटआउटची, म्हणजे हवेसाठी बेसमेंटच्या छतात ठेवलेल्या उघड्या भोकाची. जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत येतं म्हणून कटआउटवर पत्रे किंवा पॉलिकार्बोनेट टाकतात आणि ते दिवाळीनंतरही तसेच राहतात. पाणी अडवायचं तर पत्रा 45 ते 60 सेंटिमीटर वर उचलून चारही बाजू उघड्या ठेवा. फक्त बाजूंच्या उघड्या जागेची बेरीज मूळ कटआउटच्या क्षेत्रफळाइतकी तरी भरली पाहिजे. 3 बाय 1 मीटरच्या कटआउटला परीघ 8 मीटर, 45 सेंटिमीटर उंचीला 3.6 चौरस मीटर. पुरतं. 6 बाय 3 च्या कटआउटला मात्र पत्रा मीटरभर वर लागेल.

पंखा कुठं आहे हेही पाहा. ओढणारा पंखा रॅम्पच्या शेजारीच असेल तर ताजी हवा रॅम्पवरून येऊन सरळ पंख्यात जाते आणि लांबच्या कोपऱ्यातला धूर हलत नाही. जेट फॅन, म्हणजे छताला टांगलेले झोत मारणारे पंखे, असतात ते हे कोपरे हलवण्यासाठी. ते धूर बाहेर काढत नाहीत, फक्त मुख्य पंख्याकडे ढकलतात. त्यामुळं सगळ्या जेट फॅननी हलवलेली हवा मुख्य पंख्यांच्या क्षमतेपेक्षा जास्त झाली की धूर बेसमेंटमध्येच गोल फिरतो. अलार्म वाजल्याबरोबर जेट फॅन सुरू होणंही चूक आहे. पहिल्या काही मिनिटांत धूर छताखाली थर करून राहतो आणि त्याच्या खालून माणसं निघू शकतात. जेटचा झोत तो थर मोडून धूर डोक्याच्या उंचीवर आणतो. आधी मुख्य पंखे, मग ठरवलेल्या विलंबानंतर जेट, असा क्रम पॅनलमध्ये घातलेला असावा. बसवणाऱ्यानं तो विलंब लिहून दिलेला नसेल तर मागून घ्या. खोल बीमच्या मागे लपलेला जेट फॅन नुसता बीमवर हवा आपटतो.

इथं एक बिघाड फार होतो, म्हणून सविस्तर लिहितो. अॅक्सियल (हवा सरळ पुढं टाकणाऱ्या) पंख्याच्या तीन वीजतारांपैकी दोन, म्हणजे दोन फेज, उलटे जोडले गेले की तो उलटा फिरतो आणि उलट दिशेनं बऱ्यापैकी हवाही टाकतो, म्हणजे बाहेरची हवा आत. मोटार भरून आणली, पॅनलची केबल बदलली, ट्रान्सफॉर्मरवर काम झालं, की हे घडू शकतं. त्याहून फसवं म्हणजे वीज मंडळाच्या पुरवठ्यावर पंखा बरोबर आणि जनरेटरवर उलटा. तपासायला दहा मिनिटं लागतात. पंख्याच्या आतल्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरा. पान जाळीला चिकटलं तर बरोबर, उडून आलं तर उलटं. मग मुख्य वीज बंद करून जनरेटरवर पुन्हा तेच करा. वायरमनला फेज सिक्वेन्स मीटर लावायला सांगा आणि पॅनलच्या दारावर तारीख लिहून ठेवा. पंख्याची केबल बेसमेंटच्या छताखालून साध्या पीव्हीसीत आली असेल तर आग त्या केबललाच आधी खाते. तिथं आगीत टिकणारी केबलच हवी. सिलेक्टर स्विच ‘मॅन्युअल’वर सोडलेला दिसला तर तो त्याच दिवशी ‘ऑटो’वर आणा.

धूर काढणारे पंखे आग लहान राहील असं धरूनच मापलेले असतात. ब्रिटिश मानकात स्प्रिंकलर (उष्णतेनं आपोआप उघडून छतातून पाणी फवारणारी यंत्रणा) असलेल्या पार्किंगसाठी एका गाडीची 4 मेगावॅटची आग धरतात, स्प्रिंकलर नसेल तर दोन गाड्यांची 8 मेगावॅट. स्प्रिंकलर नसलेल्या लिव्हरपूलच्या बहुमजली पार्किंगमध्ये 31 डिसेंबर 2017 ला सुमारे 1,400 गाड्या जळाल्या. तिथं आग गाडीवरून गाडीवर जात राहिली. 1 ऑगस्ट 2024 ला दक्षिण कोरियात इंचॉनच्या एका निवासी संकुलात विजेची गाडी पेटली तेव्हा स्प्रिंकलर होते, पण ड्युटीवरच्या माणसानं अलार्म खोटा असेल म्हणून व्हॉल्व बंद करणारं बटण दाबलं. वॉचमनला हे सांगायला हवं: आधी जाऊन डोळ्यांनी पाहायचं, मग बटणाला हात.

आपल्याकडे स्प्रिंकलर हरतो तो पाण्याच्या तुटवड्यानं. साध्या के-80 हेडमधून (स्प्रिंकलरचं पाणी फवारणारं तोंड) एक बार दाबाला मिनिटाला 80 लिटर पाणी पडतं. सहा हेड उघडली तर 480. दहा हजार लिटरचा टँकर वीस मिनिटांत संपतो. एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत आगीसाठीच्या हौदातलं पाणी वापराला काढलं जातं, आणि ते कुणी मुद्दाम वाईट म्हणून करत नाही, घरात थेंब नसतो. त्यामुळं नियम सांगून उपयोग नाही, नळजोडणीच तशी करा. टँकरचं आणि नगरपालिकेचं पाणी आधी आगीच्या हौदात पडावं आणि तो भरून ओसंडलं की वापराच्या हौदात जावं. वापराच्या पंपाचा सक्शन पाइप आगीच्या हौदात असताच कामा नये. पाणी रोज फिरत राहतं, शेवाळ धरत नाही, आणि हौद कायम भरलेला.

उन्हाळ्याची आणखी एक बाब. लाल काचेच्या बल्बचं 68 अंशांचं हेड छताजवळचं तापमान साधारण 38 अंशांपर्यंत असेल तिथं योग्य. बेसमेंटमध्ये ते चालतं. गच्चीवरच्या किंवा पोडियमवरच्या पत्र्याखाली मे महिन्यात त्याहून कितीतरी जास्त तापतं, तिथं पिवळ्या बल्बचं 79 अंशांचं किंवा हिरव्या बल्बचं 93 अंशांचं घ्या. रंगारी हेडवर रंग मारून गेला असेल तर खरवडू नका, हेड बदला.

दर महिन्याला स्प्रिंकलरच्या पाइपलाइनच्या शेवटचा टेस्ट व्हॉल्व उघडा. एका मिनिटाच्या आत हूटर वाजला पाहिजे आणि पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. डिझेल पंप असेल तर बॅटरी पाहा, बऱ्याचदा दोष तिथंच निघतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे परवानाधारक संस्थेचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्या संस्थेचा माणूस आला की जनरेटरवर पंखा आणि शेवटचा टेस्ट व्हॉल्व या दोन्ही चाचण्या समोर करून घेतल्याशिवाय सही घेऊ नका.

कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर हे रोजच्या धुरासाठी आहेत. आग ओळखायला उष्णता किंवा मल्टिसेन्सर डिटेक्टर लागतात, नुसते धुराचे डिटेक्टर गाड्यांच्या एक्झॉस्टनं रोज ओरडतात आणि मग कुणीतरी ते बंद करतं.

सामान हा वादाचा विषय, तरीही सांगतो. पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवलेले कुलर बाहेर काढा. त्यांच्या वाळलेल्या गवताच्या जाळ्या एका काडीवर पेटतात. मंडळाचे थर्माकोलचे देखावे, जुन्या गाद्या, गावाकडून आलेली रिकामी पोती यांना एखादी बंद खोली द्या.

विजेच्या दुचाकी चार्ज करायच्या तर बेसमेंटमध्ये खोल आत नको. रॅम्पच्या तोंडाशी, उघड्या बाजूला, जिन्यापासून दूर जागा द्या. स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (वीजगळती झाली की तोडणारा), 16 अँपिअरचं सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. ते सगळं एका मेन स्विचवर आणि तो स्विच पार्किंगच्या बाहेर. पेटलेली लिथियम बॅटरी पावडरनं शांत होत नाही, ज्वाळा जातात पण आतली उष्णता राहते. भरपूर पाणी लागतं, आणि त्यातून निघणारा वायू विषारी असतो, म्हणून रहिवाशांनी जवळ न जाता 101 ला फोन करावा आणि वीज तोडावी. विझलेली गाडी परत पार्किंगमध्ये लावू नका. ती तासांनी, कधी दिवसांनी पुन्हा पेटते. मोकळ्या जागेत, इमारतीपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून पंधरा मीटर लांब ठेवा.