मुख्य पीक : मका

ऑगस्ट २०१८ मधल्या त्या दिवसाची नोंद माझ्या वहीत अजून अपुरी आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेकडील चिराद्झुलू जिल्ह्यात आंतरपिके आणि अवर्षण यांचा घराघरांतल्या उपजीविकेशी असलेला संबंध आम्ही तपासत होतो. टॅबवरच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न कुटुंबप्रमुखाचा असल्याने मी नवऱ्याकडे वळले आणि तिथेच चुकले. कारण या भागात जमीन आईकडून मुलीकडे जाते, नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो, आणि शेतीचे विचारायचे ते ‘अमायीं’ना, म्हणजे घरातल्या बाईला. त्या अंगणात तूर झोडपत होत्या.

तुरीला तिथे ‘नांदोलो’ म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसावर एकाच वरंब्यावर मका आणि मक्याच्या दोन ठोंबांमध्ये तूर पेरतात. मका एप्रिल-मेमध्ये निघतो; तूर मात्र खोल मुळांच्या जोरावर पाऊस संपल्यानंतरही फुलते आणि जुलै-ऑगस्टमध्ये हाती येते, अर्थात मोकळ्या सुटलेल्या शेळ्यांनी तोवर काही शिल्लक ठेवले तर. मुळांवरच्या गाठी आणि गळालेला पाला जमिनीला नत्र देतात, तुराट्या चुलीत जातात, हिरव्या शेंगा मीठ घालून उकडतात, अगदी आमच्या मराठवाड्यातल्यासारख्या. एवढे सगळे देणाऱ्या पिकाला प्रश्नावलीत जागा नव्हती. दर तुकड्याला एकच ‘मुख्य पीक’. तिथे ‘मका’ भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. ती तयार करणाऱ्यांपैकी कोणी कधी वरंब्यापाशी वाकून पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

२०१५-१६ च्या एल निनोच्या वर्षी मका करपला तेव्हा तूर तगली का, हा माझा ठेवणीतला प्रश्न. तगली, असे अमायी म्हणाल्या आणि काठी बाजूला ठेवून त्यांनी दुभाष्याकरवी मला विचारले, “मग गेल्या वर्षी तुम्ही घेणे का थांबवलेत?”

‘तुम्ही’ म्हणजे भारताने. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली आणि मलावीतले भाव कोसळले. अमायींनी पोती काही दिवस राखली, शेवटी मिळेल त्या भावाने काढली. जानेवारीत घरातला मका संपल्यावर त्या ‘गान्यू’ला, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर रोजाने, गेल्या आणि त्यात स्वतःच्या शेताची खुरपणी मागे पडली.

त्याच २०१७ मध्ये लातूरजवळ माझे काका ५,०५० रुपयांच्या हमीभावासाठी तूर घेऊन खरेदी केंद्रावर दिवसेंदिवस रांगेत होते आणि केंद्रात बारदाना नव्हता. आयात थांबवा, असे तेही तावातावाने सांगत होते. हे अमायींना कसे सांगावे ते मला सुचले नाही. “सरकारचा निर्णय होता,” एवढेच म्हणाले. दुभाष्याने ते दोन शब्दांत उरकले.

यंदा तूर कमी करून भुईमूग वाढवणार, असे त्या म्हणाल्या. कारणांच्या यादीत कीड, अवर्षण, बियाण्याची टंचाई आणि ‘इतर’ असे पर्याय होते. ‘इतर’पुढे मी ‘भारत’ असे लिहिले. संध्याकाळी आमच्या प्रमुखांनी ते काढायला लावले. मातीचा एवढा जाणकार माणूस मी पाहिलेला नाही. पण बाजारभाव अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा आहे, यावर ते ठाम होते आणि मी वाद घातला नाही.

२०२१ मध्ये भारताने मलावीकडून पाच वर्षे दरवर्षी ५०,००० टन तूर घेण्याचा करार केला. ती बातमी मी काकांकडेच, तुरीच्या पेरणीच्या गडबडीत वाचली आणि त्यांना वाचून दाखवली नाही.