आज्जीचा घेवडा

वारीत दिवे घाट चढल्याचं नीट आठवतं, पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. सासवड, जेजुरीचा भंडारा, वाल्हे. एका रात्री तंबूत पाणी शिरलं. पहाटे तीनला टँकरपुढं कळशी मध्येच घुसवणाऱ्या बाईला मी नको ते बोलले आणि काकड्याला तिच्याच शेजारी उभी राहून डोळे पुसले.

कमरेच्या पिशवीत आज्जीच्या घेवड्याचं बी होतं. राखेत घोळलेलं, तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं. माघात ती गेली, नव्वदी ओलांडून. आदल्या सांजेला मोरीच्या पाण्यावरचं अळू स्वतः खुडून सुनेच्या हातात दिलं होतं.

तिच्या आयुष्याचा हिशोब झाडांवर चाले. शेवगा लावला त्या साली माझे वडील झाले. पारिजातक पहिल्यांदा फुलला त्या श्रावणात आजोबा गेले. १९७२च्या दुष्काळात माण तालुक्यातली आमची विहीर आटली. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, सांजेला पोरांसाठी सुकडी पदरात बांधून आणायची आणि भांडी विसळलेलं पाणी तांब्यातांब्यानं झाडांना वाटायची. तुळस जगली, कढीपत्ता जगला. अबोली गेली. त्या अबोलीसाठी ती पन्नास वर्षांनंतरही हळहळायची, "एक तांब्या कमी पडला गं."

वारीला मात्र ती कधी चालली नाही. "रोपं आत्ता कुठं दोन पानांवर हायती. त्यास्नी टाकून कशी जाऊ? सावतोबा तरी मळा सोडून गेला का?" पालखी फलटणला आली की एसटीनं यायची, पादुकांवर डोकं टेकायची आणि सांजच्या गाडीनं झाडांना पाणी घालायला परत.

नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो, आज्जीचा जिल्हा. माउलींच्या पादुकांचं स्नान झालं तसं मीही नदीत उतरले आणि ओल्या पायांनीच लोणंदच्या वाटेला लागले. ते नडलं. तासाभरात उजव्या टाचेची आग व्हायला लागली. मागची दिंडी अंगावर येत होती. बाजूला व्हा, अशी कुणीतरी हातानं खूण केली आणि मला भयंकर राग आला. एवढ्या माणसांत एकालाही माझा पाय दिसू नये? बाभळीखाली बसले. ज्या टाळांसाठी घर सोडून आले, तेच नकोसे झाले. सगळं इथंच टाकून एसटी धरावी, असं खरंच वाटलं.

"माऊली, चप्पल काढा."

साठीची बाई होती. परभणीकडची, म्हणाली. समोर मांडी घातली आणि माझी टाच सरळ मांडीवर ओढून घेतली. मी पाय मागं घेतला. वडीलधाऱ्या बाईच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा?

"असू दे माय. लेकराचाच पाय हाय."

चंचीतून तिनं सुई काढली. दोरा खोबरेल तेलात भिजवला, फोडाच्या एका कडेनं घालून दुसरीकडून काढला आणि दोन्ही टोकं तशीच लोंबत ठेवली. पाणी दोऱ्यावरून हळूहळू गळायला लागलं. "दोरा ओढू नको. कातडी तर अजिबात सोलू नको." वर हळद दाबली. मग बांधायला फडकं मागितलं.

माझ्याकडं कोरडं फडकं एकच होतं. मी गाठ सोडली. बी ओंजळीत आलं, तशी ती थांबली. एक दाणा उचलून बोटांनी राख पुसून पाहिली.

"घेवडा? कुणी राखलं माय हे? राख वस्त्रगाळ करून लावलीय."

"आज्जीनं," एवढंच बोलता आलं. पुढचं तिनं विचारलं नाही. लुगड्याची चिंधी माझ्या टाचेला घट्ट बांधली, पोटरीवरून एकदा हात फिरवला. आज्जी आळं करून झालं की माती अशीच थापटायची. माघापासून जे रडू आलं नव्हतं, ते त्या बाभळीखाली आलं. ती हळदीचा हात पदराला पुसत बसून राहिली. तिची दिंडी पुढं निघून गेली, तरी तिनं घाई केली नाही.

उठताना म्हणाली, "पाच दाणे देती का? आमच्याकडं काळी माती हाय. येईल का तिच्यात?"

"येईल," मी म्हणाले. पाच मोजून दिले. तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली आणि गर्दीत शिरली. नाव विचारायचं राहिलं.

फलटणला दर्शनाच्या रांगेत आज्जी दर वर्षी कुठं उभी राहत असेल, तेच शोधत होते. बरड, नातेपुते, माळशिरस, रिंगणं. वाखरीला दोन तास त्या बाईला हुडकलं. सगळ्याच नऊवारीतल्या बाया पाठमोऱ्या तिच्यासारख्या दिसत होत्या. पंढरपुरात कळसाला हात जोडले, चंद्रभागेत चिंधी धुतली.

घेवडा लावायला उशीर झाला होता, तरी लावला. सात उगवले. वेलांना आता आधार द्यायला झालाय. परभणीकडं पाऊस पडला का, ते मी रोज बघते.