पाचवा डोळा

कीटक ओळखून देणं हा माझ्या नोकरीचाच भाग, त्यामुळे भिंतीवर बसलेल्या पतंगांचे फोटो सतत येत असतात. पतंग मोठा आणि तपकिरी दिसला की मोबाइलचं ॲप त्याला बेधडक ‘ॲटलस’ या भल्यामोठ्या जातीचा ठरवून टाकतं. एका घरून आलेल्या या फोटोखालीही तेच लिहून आलं होतं.

ॲटलसच्या पंखांवरच्या पारदर्शक खिडक्या त्रिकोणी असतात आणि पुढच्या पंखाचं टोक सापाच्या डोक्यासारखं दिसतं. इथे ठिपके गोल होते, भोवती रंगीत कडी. म्हणजे हा टसर रेशमाचा पतंग. प्रत्येक पंखावर एक, असे त्याला चार ‘डोळे’. फोटो मोठा करून पाहिला, तर पाच भरले! शिवाय पाचव्या डोळ्याभोवतीचा पंखाचा तुकडा विटकरी, बाकीचे पंख पिवळसर.

लगेच त्या घरी फोन केला. “झाडू लावू नका, मी येतोय.”

“विषारी आहे का हो, सर?”

“छे! त्याला खायला धड तोंडसुद्धा नाही.”

तरी पोहोचलो तेव्हा कुणीतरी बशीत साखरपाणी ठेवलेलंच. प्रौढ टसर काहीच खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडाभर जगतो. पट्टी धरली, पंखांची रुंदी 16 सेंटीमीटर भरली. ॲटलस 24 सेंटीमीटरपर्यंत जातो. मग वाकून खालून पाहिलं. फोटोतला पिवळसर पतंग मादी होती, आणि तिच्या पोटाच्या टोकाला दुसरा पतंग लटकला होता. त्याच्या मिशा पिसासारख्या रुंद, म्हणजे नर. पाचवा डोळा त्याच्याच विटकरी पंखावरचा. मादी रात्री गंध सोडते आणि नर याच मिशांनी तो दूरवरून टिपतो. जुळलेली जोडी कित्येक तास सुटत नाही, म्हणून उजाडल्यावरही दोघं तिथेच.

मादी आली कुठून, तेही सापडलं. दाराजवळच्या बोरीवर अंड्याएवढा टणक कोश लोंबत होता. त्याच्या देठाचं कडं फांदीला पक्कं आवळलेलं आणि वरच्या टोकाला ताजं भोक. घरच्यांना ते वाळकं फळ वाटत होतं.

रात्री बाहेरचा दिवा बंद ठेवायला सांगितलं, नाहीतर मादी अंडी घालायची सोडून दिव्याभोवतीच घिरट्या घालत बसते. अंडी दीडशे-दोनशे असू शकतात, हे ऐकून घरमालक बोरीकडे बघायला लागले. “मग झाड उरेल का?” बहुतेक अळ्या मुंग्या, गांधीलमाश्या आणि पक्षीच फस्त करतील, हे सांगितल्यावर त्यांना हायसं वाटलं. मला काही तसं वाटलं नाही.